बांधावरचं बेणं

“बेणं गेलं. आजबी गेलं.”

मामा बांधावर उभे राहून ओरडत होते. आजूबाजूच्या चार मळ्यांत ऐकू जावं असा आवाज. मामा म्हणजे माझे सासरे, तातोबा. एरवी घरात पाणी मागायचं तरी खुणेनं मागणारा माणूस.

मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळाले. मळ्याच्या दाराशी वहाणा काढल्या. पानमळ्यात वहाण घालून कुणी जात नाही. आमच्या मिरजेच्या भागात नागवेलीचा मळा म्हणजे दुसरं देवघरच. आत ओल, सावली, शेवरीच्या झाडांवर चढलेले वेल, आणि बाहेर उन्हानं पाय भाजत असला तरी आत तळव्याला गार लागणारी माती.

तेव्हा चैत्र लागला होता आणि मळ्यात उतरण चालू होती. वर्षभर वर चढलेला वेल पाडव्याच्या सुमाराला शेवरीवरून सोडवायचा, खाली आणायचा, बुडाशी वेटोळं करून मातीत पुरायचा. मग तो नव्यानं फुटतो. उतरवताना जे जोरकस शेंडे निघतात ते कापून बेणं म्हणून ठेवायचे. ते बेणं ओल्या गोणपाटात गुंडाळून पाटाकडेच्या बांधावर ठेवलेलं असायचं, आणि गेल्या तीन सकाळी त्यातली एकेक पेंढी नाहीशी होत होती.

पेंढीभर वेलाचं काय एवढं, असं बाहेरच्याला वाटेल. पण आमच्याकडं बेणं हातानं बाहेर द्यायचं नाही असा दंडक. दिलं तर मळ्याची लक्ष्मी त्याच्याबरोबर चालत जाते म्हणतात. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी मूठभर बेणं मागितलं होतं. मामांनी दावणीची गाभण गाय सोडून दिली, पण बेणं दिलं नाही. ते मी विसरले नव्हते.

“ह्ये बघ.” माझे मालक, हिंदुराव, पाटाकडं उकिडवे बसले होते. ओल्या मातीत एक पाऊल उठलं होतं. “अंगठा बघ कसा फाकलाय. हा पानमळ्यातल्या माणसाचा पाय. शिडीला अंगठ्यानं धरून धरून असा हुतो.”

असा पाय आमच्या मळ्यात एकाचाच होता. कल्लाप्पाचा. तो थोड्या अंतरावर कोयता घेऊन उभा होता. कल्लाप्पा सीमेपलीकडचा, कानडी मुलखातला. हिंदुराव रांगत होते तेव्हापासून आमच्या मळ्यात राहिलेला. बायको इथंच वारली, लेक इथूनच सासरी गेली. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा ‘वैनी, टाच आधी टेकू नका, बोटं आधी टेका, वेलाला धक्का लागत न्हाई’ असं म्हणून मळ्यात चालायला त्यानंच शिकवलं होतं.

“कल्लाप्पा,” हिंदुराव म्हणाले, “तुझ्या जावयानं औंदा नवा मळा घातलाय म्हणं?”

“घातलाय की.”

“बेणं कुठनं आणलं त्यानं?”

कल्लाप्पा हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की हा प्रश्न हसण्याचा नाही. त्यानं मामांकडं पाहिलं. मामा गोणपाट उलगडून परत गुंडाळत होते, उलगडून परत गुंडाळत होते.

“राहू दे हिंदू,” मामा म्हणाले. “कामाला लागा.”

आत्ता शेजारचे मळे दणाणून सोडणारा माणूस एवढ्या हळू बोलला. मला ते कसंसंच वाटलं. आणि आणखी एक गोष्ट. मी गोणपाटाला हात लावला तर ते थंडगार, निथळत होतं. रात्री मारलेलं पाणी सकाळपर्यंत इतकं टिकत नाही. म्हणजे चोरानं पेंढी उचलली होती आणि उरलेल्या बेण्यावर पाणी मारून मगच गेला होता.

असला कसला चोर?

मी खाली वाकून पुन्हा पाऊल पाहिलं. अंगठा फाकलेला, टाच बारीक, आणि बोटं चारच. करंगळीच्या जागी माती कोरी.

“अहो, ह्याला करंगळी न्हाई.”

“चिखलात करंगळी उमटतेच असं न्हाई,” हिंदुराव म्हणाले आणि उठले.

त्या संध्याकाळी मी कुणाला न सांगता पाटाकडची माती पाणी शिंपडून हातानं सारवल्यासारखी गुळगुळीत केली. सकाळी त्यावर स्वच्छ पाऊल. चारच बोटं. पेंढी गेलेली, गोणपाट ओलं, आणि बांधावर मामा: “बेणं गेलं. आजबी गेलं.”

त्या आठवड्यात मी माणसांचे चेहरे पाहिलेच नाहीत. पाय पाहत फिरले. दूध घालायला येणारा, शेजारच्या मळ्यातले गडी, पान न्यायला येणारे व्यापारी, सगळ्यांचे पाय. कल्लाप्पा जेवायला बसला की ताट ठेवताना त्याच्याही पायाकडं नजर जायची. पाचही बोटं जागच्या जागी. तरी वाटायचं, हिंदुराव म्हणतात तसं असेल तर? संशय हा मेला असा पाहुणा, की एकदा पाट मांडला की उठत नाही.

त्यात गावात रामनवमीचं कीर्तन. पाडव्यापासून नवमीपर्यंत रोज दुपारी राममंदिरात कीर्तन, आणि त्या वर्षी रंगनाथबुवा आले होते. कुरणवाडी नावाच्या कोरड्या गावचा माणूस, अंगानं किरकोळ, पण गळा असा की मंडपाबाहेरची जनावरंही रवंथ थांबवतील. मला कीर्तनाचं लहानपणापासून वेड. झांज वाजली की माझं हातातलं काम सुटतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. बुवा मंदिरातच उतरले होते आणि पहाट फुटता फुटता आमच्या विहिरीवर आंघोळीला यायचे, कारण गावात गोडं पाणी आमचंच. त्यांना दुधाचा पेला न्यायचं भाग्य माझ्याकडं होतं.

मी पेला खाली ठेवून जमिनीला डोकं टेकायची. बुवा तोवर आंघोळ आटोपून वहाणा घालून उभे असायचे.

“उतरण चालू झालेली दिसते,” एका सकाळी ते म्हणाले.

“तुम्हाला कसं कळलं महाराज?”

“वास येतो की. नुकत्या उतरलेल्या वेलाचा वास तिखट असतो.”

कीर्तनकाराला काय काय ठाऊक असतं, असं वाटून माझा ऊर भरून आला. मी म्हणाले, “महाराज, आमच्यात चोर शिरलाय. बेणं जातंय रोज. कल्लाप्पावर आळ आलाय.”

ओठाशी नेलेला पेला थांबला.

“कल्लाप्पा कोण?”

“आमचा गडी. जुना माणूस. नवमीला त्याला देवापुढं उभा करणार आहेत.”

बुवांनी पेला तसाच खाली ठेवला. दुधावर साय धरेपर्यंत ते विहिरीत बघत राहिले. मला वाटलं, परक्याच्या दुःखानं केवढं हललं हे काळीज. मी घरी येऊन मामांना हे कौतुकानं सांगितलं. मामा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. अडकित्ता मध्येच थांबला.

“तुला कुणी सांगितलं त्यांच्याजवळ घरातलं बोलायला?” ते म्हणाले.

आता मामांचाच संशय यायला लागला. संध्याकाळी बेणं ठेवायला ते एकटेच जात. एकदा मी मागनं गेले. मामा चांगले टपोरे शेंडे निवडून वेगळे काढत होते आणि केळीच्या सोपानं, खुंटाच्या वाळल्या सालीनं, बांधत होते.

“हे कुणासाठी मामा?”

त्यांनी दचकून पेंढी गोणपाटाखाली सारली. “कुणासाठी न्हाई. निवडून ठेवतोय.”

सकाळी नेमकी तीच पेंढी गेलेली. सोपाचं एक सूत तेवढं बांधावर पडलेलं. माझ्या मनात नाही नाही ते आलं. माझ्या वडिलांना मूठभर न देणारा हा माणूस चोरून कुणाला विकतो की काय? आणि विकायचंच तर मग रोज बोंब कशाला?

अष्टमीला हिंदुरावांनी कल्लाप्पाला अंगणात बोलावलं. मामा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. मी दाराआड.

“उद्या रामाचा जन्म झाला की देवापुढं बेलभंडारा उचलायचा,” हिंदुराव म्हणाले. “सगळ्या गावासमोर. बेणं मी नेलं न्हाई म्हणायचं. मग विषय संपला.”

कल्लाप्पानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. “मालक, तुमाला अंगाखांद्यावर खेळवलं. आता तुमच्यासमोर शपथ खायची?”

“खरा असशील तर भ्यायचं काय?”

“भ्यायचं न्हाई. पण शपथ घ्यायला लागली म्हंजे माजं हितलं दाणापाणी संपलंच की.” तो मामांकडं वळला. “आण्णा, तुमीबी असंच म्हणताय का?”

सोप्यात अडकित्त्याचा आवाज येत राहिला. कट. कट. मामांनी मान वर केली नाही.

“बरं,” कल्लाप्पा म्हणाला. “शपथ मी घेणार न्हाई. उद्या सुंठवडा खाऊन जातो. देवाचा परसाद घेतल्याबिगर गाव सोडू नये.”

तो गेल्यावर हिंदुराव मला म्हणाले, “बघितलंस? खरा असता तर उचलला असता बेलभंडारा.”

मी सोप्यात डोकावले. मामांचा अडकित्ता कधीचा थांबला होता. ताटलीत सुपारीचा नुसता भुगा पडला होता.

नवमीला दुपार व्हायच्या आधीच मंदिर भरून गेलं. त्या वर्षीचा मान आमच्या घराचा, म्हणून कीर्तनाला उभं राहण्याआधी बुवांचे पाय धुवायचे ते मामांनी. मी तांब्या घेऊन शेजारी उभी. बुवांनी वहाणा काढल्या, मामांनी परातीत त्यांचे पाय घेतले, पाणी घातलं. माझी नजर परातीकडं जाणार, एवढ्यात मामांनी खांद्यावरचं उपरणं ओढून पाय झाकले आणि पुसायला लागले.

“तू जा, बायकांत बस,” मला म्हणाले. “मागं जागा मिळायची न्हाई.”

मी दोन पावलं सरले. बुवा परातीतनं बाहेर आले आणि फरशीवरून चालत नारदाच्या गादीवर जाऊन उभे राहिले. उपरण्यानं पाय नीट पुसले गेले नव्हते. कोरड्या काळ्या फरशीवर ओली पावलं उठली.

डाव्या पायाचा अंगठा फाकलेला. टाच बारीक. बोटं चार.

उन्हाच्या झळेनं ती पावलं बघता बघता विरली. दुसऱ्या कुणाचं लक्षही नव्हतं. वीणा वाजली, झांजा वाजल्या, बुवांनी डोळे मिटून सूर लावला, आणि सगळं मंदिर डोलायला लागलं.

मी तांब्या धरून तिथंच उभी राहिले. नारदाच्या गादीवर उभ्या माणसाला मध्येच टोकता येत नाही. तो त्या वेळी माणूस नसतोच, असं आम्ही मानतो. आणि ह्याच पायांवर मी रोज सकाळी मनानं डोकं ठेवत होते. बुवांनी नावाड्याचं आख्यान लावलं होतं. रामराया गंगेच्या काठी उभा आहे, आणि नावाडी म्हणतो, देवा, आधी पाय धुवू दे, तुझ्या पायांचा मला भरवसा नाही. लोक हसले. बुवांनी एक पाय पुढं टाकला, आणि मी पुन्हा त्याची बोटं मोजली. इतका गोड गळा, आणि पहाटे पाटाकडं वाकलेली पाठ. दोन्ही एकाच माणसाची कशी असतील? नावाडी पाय धुवायला बसतो तिथं बुवांचा आवाज कापला. लोकांनी डोळे पुसले. मी मात्र विचार करत होते, हे नाटक तर नाही?

मध्यान्ह झाली. रामजन्म झाला. गुलाल उडाला, बायकांनी पाळणा हलवला, मीही दोरी धरली. मंडपाच्या खांबाशी कल्लाप्पा उभा होता. शेजारी त्याचं गाठोडं. एवढ्या वर्षांचा संसार, आणि काखेत मावेल एवढं गाठोडं.

सुंठवडा वाटायला लागले. मामा द्रोण घेऊन माझ्याजवळनं चालले होते. मी त्यांच्या आडवी आले.

“मामा, बुवांच्या डाव्या पायाला बोटं किती?”

मामा थांबले. माझ्याकडं बघितलं, मग खांबाकडं.

“चार,” ते म्हणाले.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“पयल्या दिवशी पाय धरले तेव्हाच बघितलं. म्हटलं, हा पाय शिडीवरचा. विचारलं तर म्हणाले, बापाचा मळा होता. लहानपणी कोयत्यानं करंगळी गेली. पुढं ओढा आटला, मळा जळाला, बाप गेला. आता गावात बंधारा झालाय, पाणी आलंय, पण बेणं न्हाई. सगळीकडं फिरून आले, कुणी देईना.” मामांनी द्रोण ह्या हातातून त्या हातात घेतला. “त्यांनी माझ्याजवळ मागितलं न्हाई. मी दिलं न्हाई. मी एवढंच म्हणालो, बेणं रात्री बांधावर असतं, तिथं आमचं लक्ष नसतं.”

“आणि रोज सकाळी ती बोंब?”

“मग? गप्प बसलो तर दिल्यासारखंच झालं की ते. दिलं की लक्ष्मी जाती. चोरीला गेलं तर जात न्हाई. माझ्या बापानं सांगितलंय.” त्यांचा आवाज खाली गेला. “असं कल्लाप्पावर येईल, हे ध्यानातच आलं न्हाई ग. आणि आल्यावर तोंड उघडायची छाती हुईना. मळा जाईल असं वाटायचं.”

“आणि कल्लाप्पा गेला तर मळा राहतो का मामा?”

मी एवढंच विचारलं. सासऱ्यांपुढं त्याआधी मी इतकंही कधी बोलले नव्हते. मामांनी द्रोण माझ्या हातात दिला. उपरणं कमरेला गुंडाळलं, आणि त्या गर्दीत, चार मळ्यांना ऐकू जाईल अशा त्यांच्या त्या सकाळच्या आवाजात, हाक मारली.

“कल्लाप्पा. मळ्यात जा. बांधावर गोणपाटात हाय ते सगळं बेणं घिऊन ये.”

“मी आता तुमच्या मळ्यात कसा जाऊ आण्णा?”

“माझा मळा हाय का तुझा, ते मागनं बघू. घिऊन ये.”

हिंदुराव पुढं आले. “आबा, काय चाललंय?”

“गप बस. बापाला अक्कल येतीय, मधी बोलू नको.”

कल्लाप्पा बेणं घेऊन आला तेव्हा बुवा गादीवरून उतरले होते, गळ्यात हार तसाच. मामांनी ताटात नारळ ठेवला, शेजारी बेण्याच्या सगळ्या पेंढ्या ठेवल्या, आणि ताट बुवांपुढं धरलं.

“महाराज, हे मी देतोय. माझ्या हातानं. आजवर जे गेलं तेबी मीच दिलेलं. सगळ्यांनी ऐका. कल्लाप्पानं काडीला हात लावलेला न्हाई.”

बुवांचा चेहरा पांढरा पडला. “तातोबा, माझा बाप म्हणायचा, मागून आणलेला वेल जीव धरत नाही. चोरूनच आणावा लागतो. म्हणून मी…” त्यांनी कल्लाप्पाकडं पाहिलं. “परवाच कळलं होतं मला की तुमच्यावर आळ आलाय. तरी पहाटे बांधाकडं जाणं सुटलं नाही. नवमीला कीर्तनातच सांगायचं ठरवलं होतं. नावाड्यापाशी आलो, आणि जीभ उचलली नाही.”

“म्हंजे तिथं आवाज कापला तो त्यानं?” मी बोलून गेले.

बुवांनी मान हलवली. मग ते वाकले, आणि आमच्या गावानं कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. गळ्यात हार असलेला कीर्तनकार एका गड्याच्या पायाशी वाकला. कल्लाप्पा घाईनं मागं सरला.

“नगा महाराज. मला पाप लागंल.” मग ताटाकडं बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “आधी हे बेणं घ्या न्हाईतर ठेवा खाली. उघड्या ताटात ह्या उन्हात? तास दोन तासात वाळून काडी हुईल. कुणाला काई कळतंय का हितं?”

बुवांनी ताट घेतलं. मामांचे हात रिकामे झाले, आणि ते तसेच पुढं धरून उभे राहिले.

कल्लाप्पानं खांबाजवळचं गाठोडं ओढलं आणि गाठ सोडली. आतलं धोतर, दोन सदरे, बायकोच्या वेळचं एक लुगडं, सगळं त्यानं उचलून हिंदुरावांच्या हातांत कोंबलं. “धरा मालक.” गाठोड्याचं फडकं त्यानं देवळाच्या हौदात बुडवलं, न पिळता उचललं, आणि त्यात ते बेणं शेंडे एका बाजूला, बुडखे एका बाजूला असं नीट गुंडाळलं.

“रोज दोन वेळा पाणी मारा,” त्यानं बुवांना बजावलं. “आणि लावताना वहाणा काढा.”

“ते मला ठाऊक आहे,” बुवा म्हणाले.

“ठाऊक हाय ते दिसलं की. माझ्या पाटाकडं पावलं उठवून गेलात ती काय कमी हुती?”

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. मामा मात्र हसले नाहीत. ते देवळाच्या दारातून आमच्या मळ्याकडं बघत होते, लक्ष्मी निघाली की काय ते बघावं तसे. पुढं मरेपर्यंत त्यांची ती सवय गेली नाही. एखादं पान पिवळं दिसलं की म्हणायचे, बघा, मी म्हटलं नव्हतं? आणि कल्लाप्पा शिडीवरूनच ओरडायचा, “आण्णा, पाणी कमी पडलंय तिथं, बाकी काई न्हाई.”

त्या दिवशी आम्ही देवळातून घरी निघालो तेव्हा पुढं कल्लाप्पा चालला होता, रिकाम्या हातानं. मागं हिंदुराव, दोन्ही हातांत त्याचे कपडे घेऊन. मळ्याचं दार आलं. कल्लाप्पानं वहाणा काढल्या आणि मागं वळून बघितलं.

“मालक,” तो म्हणाला, “कपडे ठेवा माझ्या खोपीत. आणि शिडी धरा. उतरण अजून निम्मी राहिलीय.”